सारीपाट आपला, संशोधन नेदरलँड्सचं

गेल्या शनिवारी इगतपुरीत पावसाने असं झोडपलं की त्रिंगलवाडीचा बेत रद्द! मग आम्ही पाच इंजिनिअर मित्राच्या घरी मोबाइलवर लुडो खेळत बसलो. त्याच्या आजी थोडा वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "हे कसलं रे, नुसती सहाची वाट बघायची! आमच्या सारीपाटात डोकं लागायचं." ट्रंकेतून कापडी पट, सोंगट्या आणि सहा कवड्या निघाल्या, आणि पुढचे तीन तास आजींनी आम्हाला रडवलं.

आजींचं म्हणणं गणितात चपखल बसतं. फाशावर १ ते ६ सगळ्यांना सारखाच चान्स. सहा कवड्यांत मात्र जितक्या उताण्या पडतील तितकं दान. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरलं, तर ६४ पैकी ५० वेळा २, ३ किंवा ४ च येतात. म्हणजे शत्रूच्या सोंगटीपुढे तीन घरांवर थांबलात तर मेलात, सहा घरांवर असाल तर जवळजवळ निर्धास्त. एकही उताणी पडली नाही तर पंचवीस (पचिशी हे नाव त्यावरूनच), ते ६४ मध्ये एकदा. अर्थात खरी कवडी नाण्यासारखी नसते. तिचा कल किती, हे हजार वेळा टाकून मोजायला हवं.

कोणी मोजायचं? इथेच सगळं अडतं राव.

पचिशी इंग्लंडला जाऊन लुडो झाली. तो लुडो नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये 'लुडो किंग' म्हणून मोबाइलवर आणला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात पोचवला. कौतुकच आहे. पण जुन्या खेळांचे नियम कॉम्प्युटरवर खेळवून तपासायचं काम झालं कुठे? नेदरलँड्सच्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात! २०१८ ते २०२३ चा तो डिजिटल ल्युडीम प्रोजेक्ट. त्यांच्या 'लुडी' या सॉफ्टवेअरमध्ये हजाराहून जास्त खेळ आहेत. नियम अर्धवट माहीत असले, तर कॉम्प्युटर शक्यता स्वतःशीच खेळून बघतो: डाव संपतो का, पहिला खेळणाराच सारखा जिंकतो का. आणि इगतपुरीहून गाडीने तासाभरावर, पांडवलेण्यांत, दगडात कोरलेले पट आहेत. आपण त्यांच्यावर बसून वडापाव खातो.

कॉलेज आणि इंडस्ट्रीमधली ये-जा कशी असते, याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे २००५ चा 'फिअर'. त्यातले सैनिक आडोसा घेत, वळसा घालून अंगावर येतात तेव्हा खरोखर घाम फुटतो. त्यामागची कल्पना आहे १९७१ ची 'स्ट्रिप्स', स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधली प्लॅनिंगची पद्धत. जेफ ऑर्किनने ती गेममध्ये वापरली आणि नंतर तोच एमआयटीत पीएचडी करायला गेला. आपल्याकडे स्टुडिओवाल्यांना रिलीजमधून मान वर करायला फुरसत नाही, आणि सरांना पेपर छापून आला की पुरे. तो वाचून कोणी गेम बनवावा अशी अपेक्षा कोणाचीच नसते.

माझ्या मते दुवा आहे बी.ई.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. दरवर्षी तीच लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम कशाला? (आमच्या बॅचला अशा चार होत्या.) चार पोरांनी आपापल्या घरी जाऊन सारीपाटाचे नियम उतरवून आणावेत. प्रत्येक घरात ते थोडे वेगळे निघतील, आणि सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. कवड्यांचा कल मोजावा, नियम कोडमध्ये घालावेत, लाखभर डाव खेळवावेत. एखाद्या स्टुडिओच्या डिझायनरने महिन्यातून दोन तास द्यावेत आणि परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून यावं. स्टुडिओला फुकटात तपासलेला गेम मिळेल, पोरांना इंटरव्ह्यूत बोलायला काहीतरी.

सारीपाट कोण विकत घेणार, असं ऑफिसातला एक जण म्हणालाच. लुडो कोण घेणार, असंही २०१५ मध्ये कोणीतरी म्हणालं असेल. तसंही लुडी फुकट डाउनलोड होतं, आणि कवड्या नाशिकच्या पंचवटीत पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात.