जीन्स तीच, फिटिंग वेगळं!

मराठीत ‘जीन्स’ लिहिलं की पंचाईत होते. कपाटातली की शरीरातली? बरं, ‘सेलमधली’ म्हणावं तर दोन्ही सेलमध्येच सापडतात! फरक एवढाच, की पहिली आवडली नाही तर बदलून मिळते. दुसरी आई-बाबांकडून येते. नो एक्स्चेंज, नो रिटर्न. आज गप्पा दुसरीबद्दल. घोळ नको म्हणून तिला शहाण्यासारखं ‘जनुक’ म्हणूया.

माणसाचा जीनोम वाचायला घेतला तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये भलतेच अंदाज चालू होते. एवढा मोठा मेंदू, एवढी अक्कल, म्हणजे लाखभर जनुकं तरी असणारच ना बॉस? 2001 मध्ये पहिला मसुदा आला आणि आकडा 30 ते 40 हजारांवर उतरला. मग घसरत घसरत आला 20 हजारांच्या आसपास. भाताच्या रोपाकडेही आपल्यापेक्षा जास्त जनुकं आहेत. जेवताना जरा आदराने जेवा!

पण आपली खरी जिरवली ती समुद्राने. 2006 मध्ये सी अर्चिनचा जीनोम प्रसिद्ध झाला. सी अर्चिन म्हणजे समुद्राच्या तळाशी सरकणारा काट्यांचा चेंडू. डोकं नाही, डोळे नाहीत. जनुकं किती? सुमारे 23 हजार. आपल्या डोळ्यात प्रकाश पकडणाऱ्या जनुकांचे भाऊबंद त्याच्या इवल्याशा नळीसारख्या पायांत काम करताना सापडले. आणि नात्याने तो माशी-झुरळापेक्षा आपल्याला जवळचा. लांबचा का होईना, चुलत घराण्यातलाच.

पुढच्याच वर्षी, 2007 मध्ये नंबर लागला सी अ‍ॅनिमोनीचा, म्हणजे समुद्रपुष्पाचा. ‘फाइंडिंग निमो’मधला निमो ज्याच्यात घर करून राहतो ना, त्याच्याच जातकुळीतला एक छोटासा प्राणी. याला मेंदू नाही. तोंड एकच, आत घ्यायलाही तेच आणि बाहेर टाकायलाही तेच. तरी जनुकं 18 हजारांच्या घरात! गंमत म्हणजे त्यांची रचना, त्यांचे शेजारपाजार, हे सगळं माशीपेक्षा माणसाशी जास्त जुळणारं निघालं. याचा अर्थ असा, की आपला आणि समुद्रपुष्पाचा 60 कोटी वर्षांहून जुना जो सामायिक पूर्वज होता, त्याच्याकडे हा टूलकिट बराचसा तयार होता. माशीच्या घराण्याने वाटेत पुष्कळ सामान टाकून दिलं, उरलेलं इकडचं तिकडे केलं. म्हणजे उत्क्रांती ही प्रमोशनची शिडी नाही. आपण वरच्या पोस्टवर आणि समुद्रपुष्प अजून ट्रेनी, असं काही नसतं.

मग सामान सारखंच, तर माणूस माणूस कसा आणि अर्चिन अर्चिन कसा? कुठलं जनुक कुठे, कधी आणि किती वेळ चालू ठेवायचं, बरीचशी मेख तिथे आहे. 1995 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या टीमने उंदरात डोळा घडवणारं जनुक माशीच्या पायासारख्या भलत्याच जागी चालू केलं. तिथे डोळा उगवला! पण उंदराचा नव्हे, माशीचाच. ‘इथे डोळा कर’ हा हुकूम उंदराच्या जनुकाने दिला, पुढची कारागिरी माशीची. कॅलिफोर्नियातल्या एरिक डेव्हिडसन यांनी तर अशा हुकुमांचा नकाशाच काढला. कोण कोणाला चालू करतो, कोण कोणाला गप्प बसवतो, सगळं. त्यासाठी त्यांनी निवडला सी अर्चिनचा गर्भ. तो आईच्या पोटात नाही, समुद्राच्या पाण्यात वाढतो आणि काचेसारखा पारदर्शक असतो.

आता तुमचा प्रश्न मला माहितीय. माझा एमबीए केलेला मित्रही हेच विचारतो, ‘ते ठीक आहे गं, पण याचा उपयोग काय?’

उपयोग माझ्या मावशीच्या फ्रीजवर, औषधांच्या डब्यात आहे. तिला ब्रेस्ट कॅन्सर आहे. तीन आठवडे रोज एक गोळी, मग एक आठवडा सुट्टी. गोळीचं नाव पाल्बोसिक्लिब. अमेरिकेत तिला 2015 मध्ये मान्यता मिळाली. पण गोष्ट सुरू होते 1982 मध्ये. अमेरिकेतल्या वुड्स होल इथे टिम हंट हे ब्रिटिश शास्त्रज्ञ सी अर्चिनच्या अंड्यांवर काम करत होते. कॅन्सरचं औषध वगैरे काही डोक्यात नाही. अंड्यातली एक पेशी दुभंगण्याआधी एक प्रथिन वाढत जातं आणि अचानक गायब होतं, पुन्हा वाढतं, पुन्हा गायब, हे त्यांनी पाहिलं. त्याला नाव दिलं सायक्लिन. पुढे कळलं, सायक्लिनचं कुटुंब आपल्याही पेशींत आहे. ते आपल्या जोडीदार एन्झाइमला कामाला लावतं आणि पेशी दुभंगते. कॅन्सरमध्ये हे काम थांबतच नाही. मावशीची गोळी त्या जोडीदारालाच अडवते. हंट यांना 2001 चं नोबेल दोघांसोबत विभागून मिळालं.

अर्चिनची पेशी आणि मावशीची पेशी एकाच जुन्या यंत्रणेवर चालते, म्हणून हे जमलं. ‘उपयोग काय’ याचं उत्तर 1982 मध्ये हंट यांच्याकडेही नव्हतं. ते मागून त्यांचं काम कोणी बंद पाडलं नाही, हे माझ्या घराच्या दृष्टीने फार बरं झालं.

मावशीला हे सगळं सांगितलं. म्हणाली, ‘त्याचा फोटो दाखव बघू.’ मोबाइलवर दाखवला. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, ‘काटे काय गं बाई! कोणी हात लावायचं नाही म्हणून असतील ना? हुशार आहे.’