गाडीची चुगली

परदेशातल्या नातलगांनी नव्या गाडीचा फोटो पाठवला की आम्ही लगेच 'माशाअल्लाह' लिहून मोकळे होतो. ती गाडी स्वतः काय काय लिहून ठेवते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

बऱ्याच नव्या गाड्यांत एअरबॅगच्या यंत्रणेला जोडून एक नोंदपेटी असते. विमानातल्या ब्लॅक बॉक्सची धाकटी बहीणच म्हणा ना! टक्कर झाली की आधीच्या साधारण पाच सेकंदांतला वेग, ब्रेक दाबला होता का, पट्टा लावला होता का, एवढे ती जपून ठेवते. आवाज टिपत नाही. अपघातात चूक कोणाची हे ठरवायला ती कामी येते; तिच्याबद्दल आमची तक्रार नाही. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने या पेटीतली माहिती गाडीमालकाची ठरली. न्यायालयाचा हुकूम, मालकाची संमती असे मोजके अपवाद सोडले तर ती कोणी काढायची नाही.

चुगली करते ते दुसरेच. गाडीतले सिमकार्ड रोजच्या फेऱ्यांची माहिती कंपनीकडे धाडत राहते आणि तिथवर हा कायदा पोहोचत नाही. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले, की जनरल मोटर्सच्या गाड्यांतली अशी माहिती लेक्सिसनेक्सिस व व्हेरिस्क या कंपन्यांमार्फत विमावाल्यांपर्यंत जात होती. कुठे जोरात ब्रेक लागला, रात्री किती उशिरा गाडी फिरली, सगळे त्यात. एका ग्राहकाने मागवलेली स्वतःची नोंद अडीचशेहून अधिक पानांची निघाली! हप्ता वाढला तेव्हा कुठे लोकांना पत्ता लागला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या संघीय व्यापार आयोगाने कंपनीशी तडजोड जाहीर केली. अशा संस्थांना पाच वर्षे ही माहिती द्यायची नाही, असे त्यात ठरले.

'संमती घेतली होती' हा कंपन्यांचा नेहमीचा जबाब. आम्हा शिक्षकांकडेही मुलांची प्रगतिपुस्तके असतात. प्रवेशाच्या अर्जावर पालकांची सही आहे म्हणून ती शिकवणीवाल्याला विकली, तर पालक ऐकून घेतील?

आपल्याकडेही आता मोबाइलशी जोडलेल्या गाड्या आल्या आहेत आणि २०२३ च्या कायद्यात संमती स्पष्ट व समजून-उमजून दिलेली हवी असे म्हटले आहे. तेव्हा गाडी घेताना विक्रेत्याला विचारा, कोणती माहिती कुठे जाते आणि ती बंद कशी करायची. जुनी गाडी विकताना पडद्यावरची घराची जागा आणि फोनमधून उतरलेले नंबर पुसून टाका. त्यात अम्मीचा, मुलींचाही नंबर असतो.