इंजिनाचा पट्टा आणि आपली बेफिकिरी

ट्रॅक्टर बाळगणाऱ्या आमच्या सभासदांस टायमिंगची चिंता सहसा करावी लागत नाहीं. ट्रॅक्टरच्या इंजिनांत क्रँकची गति कॅमपर्यंत बहुधा पोलादी दंतचक्रांनीं पोंचविलेली असते, व तेल वेळेवर बदलल्यास तीं चक्रें फार वर्षें टिकतात. हीच निश्चिंतता घेऊन शेतकरी जुनी मोटार विकत घेतो आणि तेथें फसतो. कारण कित्येक मोटारींत हें काम दांत्यांच्या रबरी पट्ट्याकडे असतें.

क्रँकच्या दोन फेऱ्यांस कॅमची एक फेरी होते. इंजिन मिनिटास 3000 फेऱ्यांनीं फिरत असतां प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास 25 वेळां उघडतो. बहुतेक डिझेल व पुष्कळशा पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेंत येतात, मात्र वेगवेगळ्या क्षणीं. पट्टा तुटला कीं हा मेळ नाहींसा होतो व पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वांकतात, कधीं पिस्टनही फुटतो. मग हेड उतरविल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि गाडी जुनी असल्यास खर्च तिच्या किंमतीच्या जवळपास जातो. कांहीं इंजिनांत मधें पुरेशी मोकळीक असते. तेथें गाडी नुसती बंद पडते. आपलें इंजिन कोणत्या जातीचें, हें मालकास ठाऊक असलेंच पाहिजे.

पट्टा चांगला कीं साखळी चांगली, हा वाद गाडी घेणाऱ्यांत नेहमीं ऐकूं येतो. आमच्या मतें तो व्यर्थ आहे. जर्मनीच्या ग्लास कंपनीनें 1962 च्या सुमारास मोटारींत आणलेला हा पट्टा हलका, स्वस्त आणि आवाज न करणारा आहे. त्याचा दोष इतकाच कीं, तो बहुधा सूचना न देतां तुटतो. साखळी थंड इंजिन सुरू करतांना खडखडून तक्रार तरी करते. पण तेलाची हयगय झाली, तर तिच्या खिळी झिजून ती लांबते व दांते सोडते. ‘साखळीची गाडी आहे, बघावयास नको’ हें विकणाऱ्याचें बोलणें म्हणूनच अर्धें खरें समजावें. तेलांत बुडून चालणारा पट्टा तर याहून नाजूक. फोर्डच्या 1 लिटर इकोबूस्ट इंजिनांत तो होता, व हें इंजिन 2013 सालीं इकोस्पोर्ट गाडींतून हिंदुस्थानांतही आलें. अयोग्य किंवा जुन्या तेलानें असा पट्टा झडतो, त्याचे कण तेलाच्या जाळींत अडकतात, आणि पट्टा तुटण्यापूर्वींच इंजिन तेलावांचून झिजूं लागतें.

आमचा खरा रोख निराळ्याच गोष्टीकडे आहे. शेतकऱ्याची मोटार तालुक्याचा बाजार, लग्नकार्य, क्वचित् दवाखाना एवढेंच धांवते. आठ वर्षांत चाळीस हजार किलोमीटरही भरत नाहींत, आणि मिस्त्री आंकडा पाहून ‘अजून वेळ आहे’ म्हणतो. रबर मात्र उभ्या गाडींतही म्हातारें होतें! म्हणूनच उत्पादक किलोमीटर आणि वर्षें अशा दोन्ही मर्यादा देतात, व जी आधीं भरेल ती पाळावयाची असते. विहिरीवरच्या मोटरीस व खतास जो पैसा तत्परतेनें निघतो, तो पट्ट्यास निघत नाहीं. कारण पट्टा झांकणाखालीं असतो.

तेव्हां जुनी गाडी घेतांना पट्टा बदलल्याची पावती मागावी. ती नसल्यास पट्टा बदललेला नाहीं असेंच धरून तेवढी रक्कम किंमतींतून वजा करावी. पट्ट्याबरोबर टेन्शनर व पुली, आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल तर तोही, बदलून घ्यावा व जुना माल परत मागावा. आमच्या संस्थेनेंही सभासदांच्या वाहनांची एक वही ठेवून पट्ट्याची व तेलाची तारीख तींत नोंदवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आणि वाटेंत इंजिन एकाएकीं बंद पडून स्टार्टर नेहमींपेक्षां हलका फिरूं लागला, तर पुन्हां किल्ली फिरवूं नये, ट्रॅक्टर लावून ओढून सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये.