विमान दीड तासाचे, घर ते घर साडेसात तास



गेल्या हिवाळ्यात पहाटे पाचला नागपूरहून फोन आला. इंदोऱ्याची आमची मावशी वारली. रात्रीच्या गाड्या निघून गेलेल्या. पुतण्याने मोबाईलवर पाहून सांगितले, "काका, ११.२० चं विमान आहे. दीड तासच लागतो." आम्ही लगेच मावसभावाला कळवले, एकपर्यंत घरी येतो. त्यांनी अंत्ययात्रेची वेळ दीडची ठरवली.

हिशेब करणे हा आमचा पोटापाण्याचा धंदा, पण त्या दिवशी हिशेब साफ चुकला.

मुंबई ते नागपूर सरळ हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर भरते, कारण गाडी कसारा घाट चढून नाशिक, भुसावळ, अकोला, वर्धा असे करीत जाते. विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या वेगाने धावते, म्हणजे पाऊण-एक तासात पोहोचायला हवे. मग तिकिटावर दीड तास का? तर विमान जागेवरून हलते तेव्हापासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतचा तो वेळ असतो. त्यात रांग आली, चढण आली, हळूहळू उतरणे आले. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे बहुधा एका वेळी एकच चालते आणि विमाने खोळंबतात. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून जाताना काही मिनिटे वाचतात, येताना तीच जादा लागतात. पण हे सारे विमानाचे झाले. माणसाचे काय?

आम्ही कल्याणहून पावणेसातला निघालो. लोकल, मग रिक्षा, नऊला विमानतळ. सामान देण्याची खिडकी साधारण तासभर आधी बंद होते आणि आत जायचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी, हे तिथे गेल्यावर कळले. तपासणीच्या रांगेत पट्टा काढा, चिल्लर काढा. विमान वेळेवर हलले, पण धावपट्टीच्या तोंडाशी अर्धा तास उभे. सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर उतरलो तेव्हा एक वाजून गेला होता. पिशवी पट्ट्यावर यायला पुन्हा वीस मिनिटे. तिथून ऑटोने गाव ओलांडून इंदोऱ्याला सव्वादोन.

दाराशी फक्त शेजारची एक म्हातारी बसली होती. म्हणाली, "लई वाट पाह्यली बापू तुमची, आत्ताच नेलं." घाटावर पोहोचलो तो अग्नी दिलेला होता. मावसभाऊ काही बोलला नाही, आम्हालाही बोलवेना.

एरवी नागपूरचे अंतर हे कौतुकाचे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात भेटत, थैल्यांची अदलाबदल करून परत फिरत. देशाच्या मधोमध असल्याचा हा मान. टपालाच्या थैलीला मात्र लोकल पकडावी लागत नव्हती.

तुमच्यावर अशी वेळ आली तर तिकिटावरच्या दीड तासात घरून विमानतळाचा वेळ, तिथले दोन तास आणि उतरल्यावरचा दीड तास मिळवा, आणि मगच नातेवाइकांना वेळ सांगा. आमच्यासाठी मावसभावाने अर्धा तासच जास्त मागितला असता, तर तो लोकांनी दिला असता. पण आम्ही एक सांगितले होते.

जलदान विधीला आम्ही सहकुटुंब कल्याणहून रात्रीच्या गाडीने गेलो, डब्यात भाकरी बांधून. सकाळी वेळेआधी तासभर पोहोचलो होतो.