गिरणीत ठेवलेला डबा

आपल्या मराठी मनावर ‘वचन’ ह्या शब्दाचा मोठा दरारा आहे. दशरथाने दोन वर दिले आणि ते पुरवता पुरवता प्राण सोडला. हरिश्चंद्राने राज्य दिले आणि शेवटी स्वतःलाही विकले. भीष्म जन्मभर ब्रह्मचारी राहिला. ह्या साऱ्या कथांत वचन एक तर पाळायचे असते, नाही तर त्यापायी मरायचे असते. “आणि समजा, नाहीच जमले तर?” असा साधा संसारी प्रश्न वचन देतेवेळी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. हा प्रश्न वचनाच्या पोटातच घालून ठेवण्याची युक्ती मला भेटली ती भलत्याच ठिकाणी; संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात!

झाले असे, की आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकाचे जुने अंक संगणकावर उतरवण्याचे काम माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अंगावर घेतले. कागद इतका जीर्ण, की पान उलटताना कोपरा हातात यावा. पानांची छायाचित्रे तयार झाली; आता त्यांतून अक्षरे वेगळी काढायची होती. त्या काळात ह्या पोराच्या तोंडी सारखे तीन शब्द असत : पेरेंट, चाइल्ड आणि प्रॉमिस. मला आधी वाटले, हा घरच्याच काही भानगडीविषयी बोलतो आहे. चौकशी केली तेव्हा कळले, की हे सारे गोत्र यंत्राच्या आतले आहे.

ते समजायला वाचकहो, पिठाच्या गिरणीपर्यंत यायला हवे. दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी दळायची आहे. घरी गिरणी नाही. काम दुसऱ्याकडूनच करून घ्यायचे. एक मार्ग असा, की डबा घेऊन गिरणीत जावे आणि पीठ हाती पडेपर्यंत तिथेच उभे राहावे. तोवर घरी दूध उतू जावो, पोस्टमन परत जावो, पाहुणे दारात ताटकळोत! दुसरा मार्ग असा, की डबा ठेवावा, चिठ्ठी घ्यावी आणि आपल्या कामाला लागावे. शहाणी गृहिणी कोणता मार्ग पत्करते, हे सांगायला नको.

आता हेच यंत्रात पाहा. १९९५ साली ब्रेंडन आइक ह्या गृहस्थाने अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. ती होती ब्राउझरमध्ये संकेतस्थळांची पाने हलती-बोलती करण्यासाठी. २००९ साली रायन डाल ह्याने तिला सर्व्हरवर, म्हणजे पाने पुरवणाऱ्या यंत्रावर, नेऊन बसवले आणि त्या रचनेला ‘नोड’ हे नाव दिले. ह्या नोडचे वैशिष्ट्य असे, की तुमची आज्ञावली चालवणारा कारभारी तिथे एकटाच. खिडकीवर हजार माणसे आली तरी हाच एक. तो कुठेही रेंगाळला, की साऱ्या रांगा ठप्प! म्हणून जड काम त्याने स्वतः करायचे नाही. दुसरी आज्ञावली वेगळी सुरू करायची, तिच्यावर काम सोपवायचे आणि आपण खिडकी सांभाळायची. अशी सुरू केलेली आज्ञावली म्हणजे ‘चाइल्ड प्रोसेस’, यंत्रातले अपत्य. आणि सुरू करणारा तो पालक. ही नावे युनिक्स नावाच्या जुन्या यंत्रणेपासून चालत आलेली आहेत.

आमच्या अंकांच्या बाबतीत हे अपत्य म्हणजे ‘टेसरॅक्ट’ ही आज्ञावली. ती छायाचित्रातली अक्षरे ओळखते. तिची मूळ घडण १९८५ ते १९९४ ह्या काळात एचपी कंपनीत झाली. २००५ साली ती सर्वांना खुली करण्यात आली आणि आज ती मराठीही वाचते. पालकाने एकेक पान तिच्या हाती द्यायचे, तिने वाचून मजकूर परत करायचा.

अपत्याने पालकाशी बोलायचे कसे, ह्याचेही संकेत ठरलेले आहेत. त्याला जणू दोन तोंडे असतात : एकाने कामाचे फळ सांगायचे, दुसऱ्याने तक्रार. आणि संपताना एक आकडा मागे ठेवायचा. काम पार पडले असेल तर शून्य. दुसरा कोणताही आकडा आला तर काहीतरी बिघडले. आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला शून्य मिळवून उत्तीर्ण होणारे हे लेकरू पाहून गंमत वाटली. पण त्यात शहाणपण आहे. काम साधण्याची तऱ्हा एकच असते. फसण्याच्या तऱ्हा शेकडो. म्हणून एक आकडा यशाला दिला आणि उरलेले सारे अपयशांत वाटून टाकले. अर्थात शून्य आले म्हणजे काम संपले एवढेच. ‘घर’चे ‘धर’ झाले की नाही, हे मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनीच पाहावे लागते.

आता प्रश्न त्या चिठ्ठीचा. पूर्वी नोडमध्ये पद्धत अशी होती, की “काम झाले की मला हाक मार” असे सांगून ठेवायचे. एका हाकेपुरते हे ठीक. पण पहिल्या हाकेनंतर दुसरे काम, त्याच्या हाकेनंतर तिसरे, असे होऊ लागले म्हणजे पंचतंत्रासारखी गोष्टीत गोष्ट शिरते आणि मूळ कथा कुठे थांबली होती ते सांगणाऱ्यालाच आठवेनासे होते. त्यावरचा उपाय म्हणजे प्रॉमिस. काम सोपवताक्षणी हातात एक वस्तू येते. पीठ अजून नाही. पण पिठाबद्दलचा शब्द आहे. ही चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती देता येते, जपून ठेवता येते, दहा चिठ्ठ्या एकत्र बांधता येतात.

कल्पना जुनीच आहे. १९७६ साली फ्रीडमन आणि वाइज ह्या दोघांनी तिला ‘प्रॉमिस’ म्हटले. पुढच्याच वर्षी बेकर आणि ह्यूइट ह्यांनी तशाच कल्पनेला ‘फ्यूचर’ हे नाव दिले. इंग्रजीला दोन शब्द लागले. आपल्याकडे ‘वायदा’ हा एकच शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसला आहे : वायदा म्हणजे दिलेला शब्दही, आणि वायदेबाजारातला पुढच्या तारखेचा सौदाही. जावास्क्रिप्टच्या अधिकृत व्याकरणात हा वायदा २०१५ साली आला. २०१७ साली ‘अवेट’, म्हणजे ‘वाट पाहा’, हे क्रियापद आले. आणि जुन्या हाकांना वायद्याचे रूप देण्याची सोयही त्याच वर्षी नोडने केली. ‘अवेट’ लिहिले, की त्या कामापुरती कथा तिथे थांबते. पण कारभारी थांबत नाही, तो खिडकीवर इतरांचे पाहत असतो. वाट पाहणे आणि अडून बसणे ह्यांतला फरक इतका स्वच्छ करून सांगणारे क्रियापद मला व्याकरणात क्वचितच भेटले आहे.

ह्या वायद्याच्या अवस्था तीन. आधी तो लांबणीवर असतो. मग तो पुरा तरी होतो, नाही तर फिसकटतो. एकदा निकाल लागला, की तो बदलत नाही. पुन्हा पुन्हा विचारा, उत्तर तेच. आणि मुख्य गोष्ट अशी, की चिठ्ठी घेतानाच दोन्ही गोष्टी लिहून ठेवायच्या असतात : पुरा झाला तर काय करायचे, आणि फिसकटला तर काय करायचे. अपत्य शून्याऐवजी दुसरा आकडा ठेवून गेले, की वायदा फिसकटतो आणि त्याची तक्रार जशीच्या तशी पालकाच्या हाती येते.

आमच्या दोनशे पानांच्या अंकात हीच परीक्षा झाली. सगळी पाने एकदम दोनशे अपत्यांना वाटली असती तर यंत्राची छातीच दडपली असती. म्हणून विद्यार्थ्याने चार-चारांच्या पंगती बसवल्या. एका पंगतीत एका पानाचे छायाचित्र अर्धवट उतरलेले निघाले. चारही चिठ्ठ्या एकत्र बांधण्याचा एक प्रकार असा, की एक फिसकटली तर सारी जुडीच फिसकटली असे लगेच जाहीर होते. गंमत म्हणजे बाकीची तीन अपत्ये तिकडे इमानाने काम करीतच राहतात; त्यांना थांबा म्हणून कोणी सांगितलेलेच नसते. २०२० साली भाषेत दुसरा प्रकार आला : सगळ्यांचे होऊ द्यावे, मग प्रत्येकाचे यशापयश वेगवेगळे ऐकावे. विद्यार्थ्याने हा दुसरा वापरला. तीन पाने वाचून झाली आणि चौथ्याचा क्रमांक तक्रारीसह वहीत लागला. ते पान पुन्हा काढले. त्यावर एका दिवंगत शिक्षकावरचा मृत्युलेख होता. दुसरी प्रत आमच्याजवळ नाही.

मी विचारले, “अरे, तक्रार ऐकायची व्यवस्था ठेवलीच नसती तर?”

तो म्हणाला, “सर, एकशे नव्व्याण्णव पाने झाली असती आणि कोणाला कळलेही नसते.”

अशी न ऐकलेली तक्रार पूर्वी नोड नुसती ताकीद छापून सोडून देत असे. २०२० साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून नियम कडक झाला. फिसकटलेला वायदा ऐकायला कोणीच नसेल, तर आता सारी आज्ञावलीच बंद पडते. पहिल्याने ऐकताना हे क्रूर वाटते. पण कोणालाही न कळता हरवलेल्या पानापेक्षा धाडकन थांबलेले काम बरे; निदान माणूस उठून पाहायला तरी जातो. युनिक्समध्ये तर ह्याहून विलक्षण प्रकार आहे. अपत्य संपले, पण त्याने मागे ठेवलेला आकडा पालकाने वाचलाच नाही, तर त्याचे नाव यंत्राच्या पटावरून निघत नाही. काम नाही, हालचाल नाही, नुसती नोंद उरते. त्याला तिकडे ‘झॉम्बी’ म्हणतात. आपण पिशाच्च म्हणू. पालकाने तो आकडा वाचला, की ते सुटते. चांगला असो, वाईट असो, आकडा वाचणे महत्त्वाचे!

मी यंत्राकडून नीतिपाठ घेणारा माणूस नाही. पण वर्गात इतकी वर्षे उभे राहिल्यावर एक गोष्ट दिसते. नापास होऊन सहा-सहा महिने घरी न सांगणारी मुले असतात. रोज डबा घेऊन निघतात, संध्याकाळी परततात. ती खोटारडी नसतात. “पास झालो” हे ऐकायला घरात पेढ्यांसह सारी तयारी असते. “नाही जमले” हे ऐकायला कुठे जागाच ठेवलेली नसते. आपण मुलांकडून वचन घेतो ते भीष्माचे घेतो. गिरणीवाल्याने “पट्टा तुटला हो, उद्या या” म्हटले तर आपण निमूट परत येतो. आणि पोटच्या पोराला मात्र पट्टा तुटल्याचे सांगण्याची सोय नाही.

यंदाही परीक्षांचे निकाल लागतील, नोकऱ्यांची उत्तरे येतील. मुलांकडून शब्द जरूर घ्यावा. फक्त तो घेतानाच, “नाही झाले तर पहिल्याने मला येऊन सांग,” एवढे वाक्य त्याला जोडावे. आणि ते सांगायला आले, म्हणजे हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे.