गळ्याचे माप आणि शीलाचे माप

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी लग्नसराईत पोलक्याच्या गळ्यावरून घरोघर जितका खल होतो, तितका कन्येच्या शिक्षणाविषयी होता तर आम्ही धन्य झालो असतो. खोल गळा म्हणजे संस्कृतीचा अधःपात, असे एक पक्ष मोठ्या आवेशाने सांगतो. त्यास आमचे दोन प्रश्न आहेत.

पहिला, संस्कृती कोणती? येथून जवळच, देगलूर तालुक्यातील होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वराचे मंदिर आहे. त्यावरील सुरसुंदरींच्या अंगी अलंकार विपुल, वस्त्र मात्र अल्प. तेथे भक्तिभावाने पूजा करणारे आमचेच पूर्वज होते. आमच्या आज्यांची गाठीची चोळीही पोट उघडेच ठेवी. तीस कोणी असभ्य म्हटले नाही.

दुसरा, ठरविणार कोण? त्रावणकोरात नाडर स्त्रियांनी छाती झाकणे हाच अपराध मानला जाई. दीर्घ लढ्यानंतर 1859 साली राजाज्ञेने तो हक्क मिळाला, आणि तोही उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र न घेण्याच्या अटीवर! तेथे झाकणे पाप, येथे न झाकणे पाप. छडी मात्र दोन्हीकडे दुसऱ्याच्याच हाती. मे 2023 मध्ये तुळजापुरी भवानीच्या मंदिरात अंगप्रदर्शक वस्त्रांस मज्जाव करणारे फलक लागले व टीका होताच मागे घेतले गेले. त्यांत अर्ध्या विजारीतील पुरुषांसही मनाई होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु पुरुषाच्या उघड्या गुडघ्यावरून त्याच्या कुळाचे शील कोणी मोजीत नाही.

कोणी म्हणेल, मग औचित्य म्हणून काही नाहीच काय? अवश्य आहे. देवळात, वर्गात, न्यायालयात वेश स्थळास शोभेसा असावा, आणि हा नियम स्त्रीपुरुषांस सारखाच असावा. केवळ एखाद्या नटीने शिवला म्हणून तसाच गळा शिवणे, यास आम्ही स्वातंत्र्य म्हणत नाही. तेही एक दास्यच. परंतु हे मुलीस जवळ बसवून, तिचेही ऐकून घेऊन सांगावे. औचित्य शिकवावे लागते. ते धाकाने अंगी येत नाही.

स्त्रीची छेड काढली गेली असता प्रथम तिच्या गळ्याचे माप घेणारा समाज नकळत अपराध्याचे वकीलपत्र घेत असतो. मुलीस शाळेतून काढून घरी बसविण्यास हेच निमित्त पुरते. म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, त्यांनी मुलीच्या पोलक्याइतकेच आपल्या मुलाच्या नजरेकडेही लक्ष द्यावे.