बुडीत खर्चाचे ओझे

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका राज्याच्या सार्वजनिक उपक्रमाच्या संचालक मंडळावर पदसिद्ध सदस्य होतो. उपक्रमाच्या एका कारखान्याचे काम निम्म्याहून अधिक झाले होते. दरम्यान परिस्थिती पालटली होती. जे तेथे तयार व्हायचे, ते बाजारातून विकत घेणे स्वस्त पडत होते. तरीही वाढीव निधीचा प्रस्ताव आला आणि टिपणातील निर्णायक मुद्दा एवढाच होता, की आजवर झालेला खर्च वाया जाऊ नये. आम्ही सर्वांनी संमती दिली. मीही दिली. कारखाना पूर्ण झाला, काही वर्षे रडतखडत चालला आणि बंद पडला. आधीचा पैसा वाचवण्याच्या नादात आम्ही नंतरचाही घालवला होता.

पुढे एका सेवांतर्गत प्रशिक्षणात व्यवस्थापकीय अर्थशास्त्राशी माझी ओळख झाली. जोएल डीन यांनी १९५१ मध्ये याच नावाचे पुस्तक लिहून या विषयाला आकार दिला. फर्मने निर्णय घेताना अर्थशास्त्राची तत्त्वे कशी वापरावीत, हे सांगणारे हे शास्त्र. त्याचा पहिलाच धडा मला अस्वस्थ करून गेला. जो खर्च आता कोणत्याही मार्गाने परत मिळणार नाही, तो पुढच्या निर्णयात धरायचाच नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. भूतकाळ विसरू नये ही माझ्या विद्येची शिकवण. आणि येथे तर तो हिशेबातून वगळा, असे सांगितले जात होते.

या धड्याची किंमत देशाने एअर इंडियाच्या रूपाने मोजली. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी सुरू केलेली ही विमानसेवा १९५३ मध्ये राष्ट्रीयीकृत झाली. २००५-०६ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांच्यासाठी मिळून १११ विमानांची मागणी नोंदवली गेली. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. तोटा थांबेना, तेव्हा २०१२ मध्ये सुमारे ३० हजार कोटी रुपयांच्या भांडवलाची पुनरुज्जीवन योजना मंजूर झाली. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विक्रीस काढला, तर एकही बोली आली नाही. अखेर २०२१ मध्ये १८ हजार कोटींच्या बोलीवर व्यवहार ठरला. त्यातले रोख केवळ २,७०० कोटी. उरलेले १५,३०० कोटी म्हणजे खरेदीदाराने स्वीकारलेले कर्ज. ऑगस्ट २०२१ अखेर कंपनीवर ६१,५६२ कोटींचे दायित्व होते. त्यातील ४६ हजार कोटींहून अधिक भार सरकारी कंपनीकडे, म्हणजे पर्यायाने करदात्याकडे राहिला.

‘इतकी मोठी कंपनी इतक्या स्वस्तात?’ असे तेव्हा अनेकांनी विचारले. हा प्रश्न मागे पाहणारा होता. कंपनीत आजवर किती ओतले, याने तिची किंमत ठरत नाही. ती पुढे काय मिळवून देईल, याने ठरते. सरकारच्याच सांगण्यानुसार रोजचा तोटा सुमारे २० कोटी रुपये होता. त्यामुळे विचारायला हवा होता तो प्रश्न असा : हा निर्णय दहा वर्षे आधी का झाला नाही?

या प्रश्नातच दुसरे तत्त्व दडले आहे, संधी-खर्चाचे. एखाद्या कामाची खरी किंमत म्हणजे त्यासाठी सोडून दिलेला सर्वोत्तम पर्याय. आपल्या अर्थसंकल्पात दिलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद असते. त्याच रुपयातून न झालेल्या शाळेची, न झालेल्या कालव्याची नोंद कोठेच नसते. जे घडलेच नाही त्याचे लेखापरीक्षण कोण करणार?

मात्र हे शास्त्र केवळ कुलूप लावायला शिकवते, हा गैरसमज आहे. एखाद्या उड्डाणाच्या भाड्यातून त्या उड्डाणाचे इंधन, विमानतळाचे शुल्क आणि कर्मचाऱ्यांचा भत्ता निघून चार पैसे उरत असतील, तर मुख्यालयाच्या खर्चाचा पूर्ण वाटा निघत नसला तरी तूर्त ते चालू ठेवणेच शहाणपणाचे. बांधून झालेल्या मेट्रोचे डबे रिकामे धावत असतील, तर बांधकामाचा खर्च वसूल करण्यासाठी भाडे वाढवणे हाही बुडीत खर्चाचाच मोह ठरतो.

राज्यसंस्था म्हणजे दुकान नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. दुर्गम भागाला सेवा देणे तोट्याचे असले तरी ते कर्तव्य असू शकते. पण मग त्या कर्तव्याची किंमत उघडपणे सांगावी. ‘उडान’ योजनेत निवडक मार्गांवर बोली मागवून, तीन वर्षांची मुदत घालून अनुदान देण्याची पद्धत आहे. योजनेच्या यशापयशाविषयी मतभेद असू शकतात. परंतु अनुदान किती, कोणाला आणि केव्हापर्यंत, हे तेथे आधी ठरते. संपूर्ण कंपनीच्या तोट्यात ते लपून राहत नाही.

मग अधिकाऱ्यांना हे कळत नाही काय? कळते, पण बंद करण्याची जोखीम एकाच्या नावावर पडते आणि चालू ठेवण्याची कोणाच्याच नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ पर्यंत अशी तरतूद होती, की सार्वजनिक हित नसताना एखाद्याला आर्थिक लाभ झाला, तर दुष्ट हेतू सिद्ध न होताही अधिकारी दोषी ठरू शकत असे. दुरुस्तीने ती गेली, भीती मात्र पुरती गेलेली नाही. ‘तुघलकी’ हा शब्द आपण लहरी निर्णयासाठी वापरतो. पण मुहम्मद बिन तुघलकाने तांब्याच्या नाण्यांचा प्रयोग फसल्यावर काही वर्षांतच ती परत घेतली आणि तिजोरीतून मोबदला दिला. चूक मागे घेण्याचे तेवढे धैर्य आमच्या संचालक मंडळात नव्हते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कोणत्याही प्रकल्पाचा सुधारित खर्च मंजुरीस येईल, तेव्हा एका प्रश्नाचे लेखी उत्तर सक्तीचे असावे : आजवर काहीच खर्च झाला नसता, तर एवढ्याच उर्वरित रकमेत एवढाच लाभ देणारे काम आपण आज हाती घेतले असते काय? हे उत्तर प्रकल्प राबवणाऱ्या खात्याने नव्हे, तर त्रयस्थ यंत्रणेने द्यावे. काम कोणत्या स्थितीत थांबवायचे, हे पहिल्या मंजुरीतच नमूद असावे आणि त्या निकषानुसार थांबवणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण मिळावे.

इतिहास आणि हे शास्त्र यांत विरोध आहे, असे आता मला वाटत नाही. झालेली चूक आठवणीत ठेवायची ती पुन्हा होऊ नये म्हणून; तिची भरपाई करण्यासाठी नव्हे. त्या बैठकीत हा फरक मला उमगला असता, तर मी निदान माझी असहमती तरी नोंदवली असती.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)